हिरवळ दिसते, पण चालायचं कुठे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या नाक्याचा आहे, आणि थोडा इतिहासाचाही आहे.

कोलाड-आंबेवाडी परिसरात लोकांना चालायला आणि पोरांना खेळायला एखादी हक्काची सार्वजनिक जागा असावी, असं मी अधूनमधून बोलत असतो. त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. "अहो, कोलाडला बाग कशाला पाहिजे? डोंगर आहेत, नदी आहे, भातशेती आहे. मुंबईवाले पैसे खर्च करून इथली हिरवळ बघायला येतात."

ऐकायला बरं वाटतं. पण जरा हिशेब करा. डोंगर वनखात्याचा किंवा खासगी मालकाचा. शेत ज्याचं त्याचं. नदीकाठाला रिसॉर्टची कुंपणं वाढतायत. म्हणजे हिरवळ नजरेपुरती आपली, पायाखालची दुसऱ्याची. पहाटे साडेपाचला उठून चालायला निघणारी माणसं कुठे चालतात? कुणी कालव्याच्या कडेने, कुणी स्टेशनच्या रस्त्याने आणि बरेचसे हायवेच्या साइडपट्टीवर, ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून हा माणूस जीव मुठीत धरून चालतो. बायका तर काळोखात एकट्या निघतच नाहीत.

आधी आपल्याला याची गरज का पडली नाही ते बघू.

आपल्या आजी-आजोबांना 'व्यायाम' हा शब्द शाळेपुरता माहीत होता. पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, डोक्यावरचा भारा, विहिरीचं पाणी, बाजाराला पायी जाणं. दिवसभर शरीर हलतच होतं. पोरांच्या मैदानाचाही प्रश्न नव्हता. भात कापून झालं की शेतंच मैदान. ज्या खाचरात वाल नाही पेरला तिथे कबड्डी, तिथेच क्रिकेट. रायगडची कबड्डी अशाच मातीत वाढली. मालक ओरडायचा नाही, कारण खेळणाऱ्यांत त्याचाही पोरगा असायचा. ही सोय कुणी ठरवून केलेली नव्हती, ती रिवाजाने चालत होती. कागदावर तिचा पत्ता नव्हता.

मग गाव बदलत गेलं. १९२७ साली टाटांचं भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून वीज तयार करतं आणि कुंडलिकेत येतं. त्या धरणासाठी जमिनी गेल्या त्या मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह त्यासाठीच होता. आज ज्या पाण्यावर आपल्याकडे राफ्टिंग चालतं, ते हेच पाणी. पुढे धाटावची एमआयडीसी आली. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला. १९९९ च्या जानेवारीत ट्रक रेल्वेवर चढवून नेणारी रो-रो सेवा आपल्या कोलाड स्टेशनातून सुरू झाली. २०११ मध्ये महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण सुरू झालं, त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्याकडेची जुनी झाडं त्यात गेली.

यातलं प्रत्येक काम गरजेचंच होतं, रोजगार देणारं होतं. पण या सगळ्यात एक गोष्ट झाली. शेतातला माणूस खुर्चीत, मोटारसायकलवर आणि दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसला. शेतं विकली गेली, तारेची कुंपणं आली. कापणीनंतर खेळायला मिळणारं खाचर आता 'प्लॉट' झालं. गावपण गेलं आणि शहराच्या सोयी आल्या नाहीत, अशा मधल्या पट्ट्यात आपण आहोत.

आता मुंबईकडे वळतो, कारण तिथे हा टप्पा दीडशे वर्षांपूर्वी येऊन गेला. तिथली मैदानं आपोआप उरली असं अनेकांना वाटतं. तसं नाही.

फोर्टच्या बाहेर तेव्हा एस्प्लनेड नावाचं मोठं मोकळं मैदान होतं. आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानं ही त्याचीच उरलेली तुकडी. १८७५ मध्ये तिथे बॉम्बे जिमखाना झाला, फक्त युरोपियनांसाठी. त्यांचा भाग राखीव होताच. शिवाय हिंदी पोरं ज्या भागात क्रिकेट खेळायची, तिथे साहेब लोक आठवड्यातून ठरावीक दिवस घोडे घेऊन पोलो खेळायला यायचे. घोड्यांच्या टापांनी जमिनीत खड्डे पडायचे, चेंडू कुठेही उसळायचा. १८८० च्या दशकात पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, शेकडो सह्या गोळा केल्या. शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी क्रिकेटप्रेमीने या भांडणाचा सगळा इतिहास १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापला. त्यांचा मुद्दा साधा होता. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो, मग जमीन कुणासाठी? सरकारने पोलो हलवला, पुन्हा परत आणला, अर्जांवर अर्ज होत राहिले. शतक संपण्याआधी समुद्रकिनारी, आजच्या मरीन लाइन्सच्या बाजूला, पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या.

यातून मला दिसतं ते असं की गोऱ्यांच्या राज्यातसुद्धा लोकांनी कागद हातात घेतला, तेव्हाच मैदानाचा विषय पुढे सरकला.

दुसरा धडा प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. नंतर जे झालं ते भयानक होतं. कोंदट चाळी, ना हवा ना उजेड, माणसं हजारोंनी मेली आणि लाखोंनी शहर सोडून पळाली. त्यात आपल्या कोकणातलेही असंख्य होते. १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, हवेशीर वस्त्या आणि आखलेल्या मोकळ्या जागा हे त्याचं काम. दादर-माटुंग्याचा आजचा आराखडा आणि तिथलं फाइव्ह गार्डन्स हे त्याच विचारातून आलं. या ट्रस्टने गरिबांची घरं पाडली आणि त्या मानाने बांधली कमी, ही टीकाही खरी आहे. पण मोकळी जागा ही चैन नाही, आरोग्याचा भाग आहे, हे मुंबईने तेव्हा नकाशात आणलं.

१९२५ साली पालिकेने माहीम पार्क लोकांसाठी खुलं केलं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. सुमारे २८ एकर. तिथेच समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं, जिथे आजही मल्लखांब शिकवला जातो. तिथेच आचार्य अत्र्यांच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या आणि तिथेच रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकर घडवला. मैदानाभोवतीचा कट्टा एक किलोमीटरहून जास्त लांबीचा आहे. त्यावर बसायला आणि भोवती चालायला तिकीट लागत नाही, ओळख लागत नाही. शंभर वर्षं झाली, दादरच्या जमिनीचा भाव आकाशाला भिडला, तरी तो तुकडा शाबूत आहे. कारण तो सुरुवातीपासून नकाशात मैदान आहे आणि आजूबाजूचे लोक त्यासाठी कोर्टातही जातात. २०१० मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरवला.

आता उलटं उदाहरण बघा, आणि हे आपल्याला जास्त लागणारं आहे. आपल्याकडे घरटी कुणीतरी गिरणीत होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि गिरण्या हळूहळू थंडावल्या. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा, की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, फक्त ज्यावर बांधकाम नव्हतं तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करायची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. आपल्या बापजाद्यांनी जिथे घाम गाळला तिथे बागा होऊ शकल्या असत्या, तिथे मॉल आणि टॉवर झाले. नियमातली व्याख्या बदलली आणि एकरच्या एकर गेले. त्यावेळी किती जणांनी तो नियम वाचला होता?

जगातही असंच आहे. लंडनच्या पूर्व भागात कामगार वस्ती होती, मृत्यूदर भयंकर. १८३९ मध्ये विल्यम फार या सरकारी आकडेतज्ज्ञाने अहवालात लिहिलं, की तिथे उद्यान झालं तर मृत्यू कमी होतील. पुढच्याच वर्षी ३०,००० लोकांच्या सह्यांचा अर्ज राणीकडे गेला. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क लोकांसाठी उघडलं. तेव्हा समज असा होता की घाणेरड्या हवेने रोग होतात. ते शास्त्र अर्धवट होतं, पण उपाय योग्य दिशेचा निघाला.

पुढचं शास्त्र काय सांगतं ते थोडक्यात.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास छापला. नोकरी एकाच बसमधली, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि झाला तरी तुलनेने उशिरा. आपल्या एसटीवाल्यांना हे लगेच पटेल. शरीर हलण्याचा आणि हृदयाचा संबंध या अभ्यासापासून जगाने गंभीरपणे घेतला.

१९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमधल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

२००८ मध्ये मिचेल आणि पॉपहॅम यांनी इंग्लंडमधल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जिथे हिरवळ जास्त, तिथे गरीब-श्रीमंतांच्या आरोग्यातली दरी कमी दिसली. याचा अर्थ झाडाखाली बसलं की आजार पळतो असा नाही. पण श्रीमंत माणूस जिमचे पैसे भरू शकतो, बंगल्याला अंगण ठेवू शकतो. गरिबाला फुकट मिळणारं ठिकाण हे एकच, सार्वजनिक मैदान. म्हणून ते नसलं की पहिला फटका त्यालाच बसतो.

"हे शहरांचं झालं, आपण गावाकडची माणसं" असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच देशाचा आकडा. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचा एक भाग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या १४,२२७ लोकांची हालचाल त्यात मोजली होती. ५४.४ टक्के लोक पुरेसे हलत नव्हते. शहरात हे प्रमाण ६५ टक्के आणि ग्रामीण भागात ५० टक्के. म्हणजे खेड्यातला निम्मा माणूसही बसूनच आहे. आवड म्हणून खेळणारे, चालणारे १० टक्क्यांहून कमी. बायकांची हालचाल पुरुषांपेक्षा कमी. याच पाहणीच्या २०२३ च्या आकड्यांनुसार देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल करावी. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. अर्धा तास प्रत्येकाकडे आहे. आपल्याकडे नाही ती जागा.

किती जागा लागते? चौकोनी एक एकराला फेरी मारली तर साधारण अडीचशे मीटर होतात. दहा फेऱ्या म्हणजे अडीच किलोमीटर, अर्ध्या तासाचं चालणं झालं. अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर मिळालं तर फेरी चारशे मीटरची होते आणि मध्ये कबड्डीचं मैदान बसतं. कारंजी नकोत, रंगीत दिवे नकोत, प्लास्टिकचे हत्ती नकोत. मातीची सपाट वाट, कडेला वड, करंज, कडुनिंब, चार बाकडी, साधे दिवे, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय. 'ओपन जिम'ची लोखंडी यंत्रं बऱ्याच ठिकाणी दोन पावसाळ्यांत गंजलेली आपण बघतोच. कोकणच्या पावसात झाड टिकतं, बेअरिंग टिकत नाही.

जागा आणायची कुठून, हा खरा प्रश्न. इथे कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त आपण तो उघडत नाही.

१) महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २२. गावातली कुणाच्या ताब्यात नसलेली जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कलमात गुरचरण, स्मशान, गावठाण, खळं, बाजार यांच्या यादीत उद्यानही आहे. एकदा राखली की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

२) तलाठी कार्यालयातला गाव नमुना १-ब. बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची ही नोंदवही. आणि १-ई, अतिक्रमणांची नोंदवही. आपल्या गावात सरकारी जमीन किती आणि त्यातली किती कुणी बळकावली, हे या दोन नमुन्यांत दिसतं.

३) २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल. पंजाबातल्या एका गावतळ्यावरच्या अतिक्रमणाचा खटला होता. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून गावाला परत द्या. त्यानंतर १२ जुलै २०११ ला आपल्या राज्य सरकारनेही गायरान आणि सार्वजनिक जमिनींबाबत शासन निर्णय काढला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासी, भूमिहीन माणसाचं खोपट पाडून आपल्याला चालायची वाट नको आहे. प्रश्न बळकावणाऱ्यांचा आहे.

४) नवीन प्लॉटिंग. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एक एकरापेक्षा, मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडण्याची अट आहे. आपल्या आजूबाजूला वीकेंडच्या बंगल्यांचे किती ले-आउट पडले? त्या १० टक्के जागा नकाशात कुठे आहेत, आणि जमिनीवर कुठे आहेत?

५) १९९१ चा बेंगळुरूचा मुद्दप्पा खटला. बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. हॉस्पिटलही चांगलंच काम आहे, पण बागेची जागा घेऊन नाही, असं न्यायालयाने ठरवलं. उद्या कुणी मैदानाच्या जागेवर समाजमंदिर, गाळे, पार्किंग असं काही चांगलं नाव घेऊन आलं, तर हा निकाल आठवा.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. रोहा शहरात नगरपरिषद आहे, तिथे विकास आराखडा असतो, त्यात आरक्षणं पडतात. कुंडलिकेच्या काठी तिथे फिरण्याची सोयही झाली. आपला नाका वाढला शहरासारखा, पण कारभार ग्रामपंचायतीचा. त्यामुळे कुणीतरी वरून आपल्यासाठी मैदान आखेल, ही वाट बघण्यात अर्थ नाही. इथे मागणी खालूनच जायला हवी, आणि त्यासाठी ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार घ्याव्याच लागतात. किती जण जातो आपण? विषयपत्रिकेत रस्ता, गटार, पाणी, घरकुल असतं, असायलाच पाहिजे. त्यात एक ओळ वाढवायची आहे. "गावातील सरकारी जमिनींची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी आणि त्यातील योग्य जागा चालण्यासाठी व खेळण्यासाठी कलम २२ खाली राखून ठेवण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा." ठराव एवढाच.

घाई का, तेही सांगतो. महामार्ग आज ना उद्या पूर्ण होईल. मुंबई आणखी जवळ येईल. जमिनीचा भाव वाढेल तशी प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर कुणाची ना कुणाची नजर पडेल. दादरकरांचं मैदान शंभर वर्षांपूर्वी आखलं गेलं म्हणून आज आहे. आता आखायचं म्हटलं तर तिथे चार गुंठेही मिळणार नाहीत. आपल्याकडे अजून जागा आहे. ती राखायला आज फक्त ठराव लागतो, दहा वर्षांनी कोर्ट लागेल आणि वीस वर्षांनी कोर्टालाही काही करता येणार नाही.

माझ्याकडून सुरुवात म्हणून मी आपल्या परिसरातल्या गावांचे नमुना १-ब माहिती अधिकारात मागतोय. मिळाले की इथेच टाकेन. तोवर तुमच्या वाडीत, तुमच्या आळीत पूर्वी कुठे खेळायचे, कुठली जागा सार्वजनिक म्हणून वापरात होती आणि आज तिथे काय आहे, ते खाली लिहा. जुने लोक घरात असतील तर त्यांना विचारून लिहा. कुणावर आरोप नको, फक्त जागा आणि आठवण. पुढच्या ग्रामसभेला जाताना ही यादी हातात असली पाहिजे.